वसुधाताईंचं शेवाळ

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की बाकीच्या घरांत मुलांबद्दल बोलतात. आमच्या ग्रुपमध्ये वसुधाताईंबद्दल बोलतात!

आम्ही कोलकात्यातली सहा-सात मराठी घरं. दोन-तीन बँकवाले, दोन-तीन आमच्यासारखे न्यू टाउनच्या आयटीतले, आणि एक घर फोर्ट विल्यममधलं. महिन्यातल्या एका रविवारी कुणाकडे तरी जमायचं, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा, मोठ्यांनी मराठीत गप्पा मारायच्या आणि पोरांनी बंगालीत भांडायचं, असा शिरस्ता आहे. वसुधाताईंचे किस्से कुणी ठरवून गोळा केलेले नाहीत. एक सांगितला की दुसऱ्याला पुढचा आठवतो आणि जेवण गार होतं.

परवा एक नवीन जोडपं आलं. मुलगी बारावीत, तिला बाहेरच्या युनिव्हर्सिटीत पाठवायचं, तर जरा माहिती हवी होती. तीन तास बसले. माहिती शून्य मिळाली. निघताना चपला घालता घालता मुलगी आईला म्हणाली, "आई, मी नाही, तूच जा!"

तर ते तीन तास थोडक्यात सांगते.

*

वसुधा सबनीस. वय पन्नाशीच्या जरा पुढे. नवरा अरुणराव सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. राहायला डमडमला बँकेच्या क्वार्टर्समध्ये, तळमजल्यावर. मुलगा केतन बेंगळुरूला नोकरीत.

बदलीवाल्या घरांचे काही नियम असतात. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. फ्रिजचा खोका टाकायचा नाही. कुंड्या शेजाऱ्याला द्यायच्या आणि पडद्यांची मापं पाठ ठेवायची. वसुधाताईंचा आणखी एक नियम होता. नवीन गावी गेल्यावर बाकीच्या बायका पहिल्या आठवड्यात दूधवाला शोधतात, वसुधाताई पाण्याच्या टाकीमागची ओली भिंत शोधायच्या!

कारण शेवाळ. म्हणजे मॉस. भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर हिरवी मऊ लव उगवते ना, जिच्यावर आपण ब्लीचिंग पावडर ओततो, ती. लग्नाआधीपासून त्या नागपूरला याच विषयात पीएचडी करत होत्या. काम निम्म्याच्या वर झालेलं. तेवढ्यात अरुणरावांची गुवाहाटीला बदली झाली. केतन तेव्हा वर्षाचा होता.

"मी यांना म्हटलं, अहो, चार-सहा महिने मुदत मागा ना. माझं काम संपवते, मग जाऊ," वसुधाताईंनी एकदा माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडताना सांगितलं होतं.

"मग?"

"हे म्हणाले, नियमात बसत नाही. मुलांची शाळा मधेच असेल तरच मुदत मिळते. आणि केतन तर अजून रांगत होता."

"मग?"

"मग काय, खोके भरले."

सांगताना आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मलाच जास्त राग आला, आणि मेथीच्या काड्या पानांत गेल्या. पुढे गुवाहाटी, भोपाळ, कोची, रांची, प्रत्येक गावी पुन्हा नाव नोंदवायचं म्हणायच्या आणि प्रत्येक गावी ते राहूनच जायचं. पण प्रत्येक गावचं शेवाळ मात्र वाळवून, जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, वर गावाचं नाव घालून ठेवलेलं. बदलीच्या ट्रकमध्ये मिक्सर मागे राहिला तरी चालेल, पण पुड्यांचा खोका वसुधाताईंच्या मांडीवर!

डमडमच्या क्वार्टर्समागची जुनी, ओल धरलेली, हिरवीगार भिंत त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या अरुणरावांना म्हणाल्या, "अहो, आजवरची पोस्टिंग्ज तुमची होती. हे माझं!"

*

फोर्ट विल्यमचं घर म्हणजे कर्नल पवार आणि स्मिता. त्यांच्याकडे रविवारचं जेवण चाललं होतं. भातापर्यंत आलो होतो. वसुधाताई सहज म्हणाल्या, "मी फिनलंडच्या एका युनिव्हर्सिटीत अर्ज केलाय. दोन वर्षांचं मास्टर्स आहे."

स्मिता म्हणाली, "अरे वा! केतनसाठी?"

"केतनला नोकरी आहे. माझ्यासाठी."

कर्नलसाहेबांचा डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. मग सगळ्यांच्या माना एकदम अरुणरावांकडे वळल्या.

अरुणराव म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? मलाही आत्ताच कळतंय!"

आणि त्यांनी शांतपणे भात वाढून घेतला. घरी जाताना गाडीत दोघांचं काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अरुणराव बँकेतून येताना वसुधाताईंच्या पासपोर्टसाठी फोटोग्राफरची वेळ ठरवून आले, एवढं कळलं.

*

अर्जाला इंग्रजीची परीक्षा लागते. सेंटरवर सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि बाहेर फुटपाथवर त्यांचे आईबाप. वसुधाताई रांगेत लागल्या तर दारावरचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "माशीमा, गार्जेनरा बाइरे बोशबेन." पालकांनी बाहेर बसायचं!

वसुधाताईंनी ओळखपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि उठून उभाच राहिला. दार त्याने स्वतः उघडून धरलं.

खरी मजा बाहेर पडताना झाली. फुटपाथवरच्या आयांनी त्यांना घेरलं. पेपर कसा होता, वेळ पुरला का, आणि तुमच्या मुलाचा कसा गेला?

"मुलगा बेंगळुरूला ऑफिसात आहे," वसुधाताई म्हणाल्या. "पेपर माझा होता. बरा गेला."

त्या आयांपैकी एकीने तिथल्या तिथे त्यांचा हात धरला आणि विचारलं, "दीदी, याला वयाची अट नसते?" त्या बाईचं पुढे काय झालं कोण जाणे. मला अजून अधूनमधून तिची आठवण येते.

*

मग मुलाखत. व्हिडिओ कॉलवर, आणि माझ्या घरून, कारण डमडमच्या क्वार्टर्समध्ये नेट कधी दगा देईल सांगता येत नाही. मी दाराआड कान लावून उभी. (हो, होते उभी! तुम्ही असता तर तुम्हीही राहिला असता.)

प्रोफेसर एक उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला. तुमच्या अभ्यासात मध्ये वीसहून जास्त वर्षांचा खंड आहे, त्याबद्दल काय सांगाल?

आदल्या दिवशी मी त्यांना या प्रश्नाचं छानसं उत्तर लिहून दिलं होतं. घर, जबाबदाऱ्या, आता नव्या उमेदीने वगैरे.

वसुधाताईंनी माझं उत्तर वाचलंच नाही. पर्समधून नागपूरची पुडी काढली. माझ्याच बशीत ते वाळकं, तपकिरी शेवाळ ठेवलं, ग्लासातल्या पाण्याचे चार थेंब सोडले, आणि बशी कॅमेऱ्यासमोर धरली.

मिनिटभरात पानं उलगडायला लागली. तपकिरीतून हिरवं दिसायला लागलं. पलीकडे प्रोफेसर खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला नाक लावून बसले होते.

तेव्हा वसुधाताई म्हणाल्या, "हे जिवंत आहे की नुसतंच उमललंय, ते तपासावं लागेल. पण हेही तेवढीच वर्षं माझ्या कपाटात होतं."

प्रवेश मिळाला. फीही माफ झाली. ती बशी मी अजून चहाला काढत नाही.

*

बँकेत बदली झाली की जाणारा अधिकारी येणाऱ्याला चार्ज देतो. दोघं तिजोरीपुढे उभे राहतात, चाव्या, रोकड, सगळं दाखवून देणं-घेणं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वसुधाताईंनी स्वयंपाकघराचा चार्ज दिला!

डाळींचे डबे कुठले, हिंग कुठे, गॅस कधी लावलाय, कामाला येणाऱ्या मिनतीला मासळी बाजारातून उशीर होतो तेव्हा ओरडायचं नाही, सगळं. अरुणराव हात मागे बांधून, मान हलवत ऐकत होते. शेवटी मसाल्याच्या कपाटाची चावी त्यांच्या हातात दिली, दोघांनी गंभीरपणे शेकहँड केला, आणि स्मिता हसता हसता खाली बसली.

आठवड्याने फिनलंडला फोन गेला. "अगं, तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?"

"अहो, हँडओव्हरमध्ये सांगितलं होतं की!"

"सांगितलं होतं," अरुणराव म्हणाले, "पण आधीच्या ऑफिसरने सगळं तोंडीच दिलंय. लेखी काहीही नाही!"

*

बदलीवाल्या बायकांचा आणखी एक रिवाज असतो. नव्या क्वार्टरमध्ये पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या दारांवर टकटक करायची, हातात वाटीभर काहीतरी गोड. ओळख काढायची. नाहीतर पुढच्या बदलीपर्यंत ओळख होत नाही, आणि बदली कधी येईल सांगता येत नाही.

फिनलंडच्या हॉस्टेलमध्ये वसुधाताईंनी हेच केलं. कॉरिडॉरमध्ये त्यांच्याशिवाय आणखी चार खोल्या, एक सामायिक किचन. तिथली माणसं सज्जन, पण शेजाऱ्याशी बोलायचं म्हणजे त्यांना आधी दोन वर्षांची तयारी लागते म्हणे. वसुधाताईंनी शिरा केला आणि चारही दारं वाजवली. एका मुलीला वाटलं, आग लागली!

योनास नावाच्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी वाटी घासून, पुसून, चकचकीत करून परत दिली. वसुधाताईंनी त्याला प्रेमाने सांगितलं, बाळा, आमच्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. तो बिचारा शरमला. वाटी घेऊन आत गेला. अर्ध्या तासाने वाटी परत आली. वाटीत एक उकडलेला बटाटा होता.

"मग काय केलंत?" आम्ही कॉलवर विचारलं.

"जिरं-मिरचीची फोडणी दिली आणि अर्धा त्याला नेऊन दिला!"

त्या वाटीचं येणंजाणं मग थांबलंच नाही. हिवाळ्यात वसुधाताई तापाने आडव्या झाल्या तेव्हा चारही दारांतून वाट्या आल्या. योनासने तर इंटरनेटवर बघून शिरा केला होता. साखरेऐवजी मीठ घातलेला.

"सगळा खाल्ला मी," वसुधाताई म्हणाल्या.

*

सगळंच काही असं गोड नव्हतं. पहिल्याच सत्रात वसुधाताई स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाल्या. कॉम्प्युटरवर कोड लिहून आकडेमोड करायची होती, आणि नागपूरच्या काळात त्यांनी हे सगळं कॅल्क्युलेटरवर केलेलं. पुन्हा नापास झाल्या तर फीमाफी जाणार, आणि फी भरून शिकणं त्यांना शक्यच नव्हतं.

केतनने बेंगळुरूहून मला फोन केला. "मावशी, तू सांग ना आईला. पुरे झालं म्हणावं. कोण हसणार आहे?"

मी रविवारी कॉल लावला. कसं बोलावं याची मनात जुळवाजुळव चालली होती. वसुधाताई समोर आल्या त्या चक्क खुशीत!

"नीलू, अगं, मी नापास झाले!"

"हो, केतनने सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका..."

"वाईट कसलं? नापास व्हायला परीक्षेपर्यंत पोचावं लागतं! नागपूर सुटल्यापासून मी पहिल्यांदा पोचलेय. आता मला ते कोडिंग शिकव."

मी गेली पंधरा वर्षं आयटीत आहे. माणसं कोड चुकला की कॉम्प्युटरवर चिडतात, क्लायंटवर चिडतात, माझ्यावर तर हमखास चिडतात. वसुधाताई चुकल्या की म्हणायच्या, "अच्छा, असं होय!" आणि पुन्हा पहिल्यापासून करायच्या. केतनचा निरोप मी त्यांना दिलाच नाही. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना मिष्टी वाटली आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, आमच्या घरातली मुलगी पास झाली!

*

आता भिंतीचं.

वसुधाताईंच्या थीसिसचा अर्धा भाग फिनलंडच्या जंगलातल्या शेवाळावर होता आणि अर्धा डमडमच्या भिंतीवर. जाण्याआधी त्यांनी क्वार्टर्समागच्या भिंतीवर दोरीने चौकोन आखून ठेवले होते. काही चौकोन खरवडून मोकळे केलेले, काही तसेच. खरवडल्या जागी शेवाळ परत कसं येतं ते बघायचं होतं. दर रविवारी फोटो काढायचा, पट्टीने मोजायचं आणि आकडे पाठवायचे. हे काम कुणाकडे? चार्ज घेतलेल्या अधिकाऱ्याकडे!

बँकेत ज्यांच्या केबिनबाहेर माणसं ताटकळतात ते अरुणराव दर रविवारी सकाळी आंघोळ करून, हातात भिंग आणि पट्टी घेऊन भिंतीपुढे उकिडवे बसायला लागले. एकही रविवार चुकवला नाही. आमच्या गेटटुगेदरला उशिरा आले तर कुणी विचारायचं नाही.

दुर्गापूजेच्या आधी क्वार्टर्सना रंगसफेदी होते. रंगारी ब्रश घेऊन मागच्या भिंतीपाशी आला आणि अरुणराव मधे उभे राहिले. ऑफिसात निरोप पाठवून ती भिंत वगळायला लावली. तरी खात्री वाटेना, म्हणून कर्नल पवारांना विचारलं. कर्नलसाहेब म्हणाले, "त्यात काय, बोर्ड लावा." आणि त्यांनी स्वतः एक बोर्ड रंगवून आणला. हात लावू नये, बंगाली, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत!

तिथे घोटाळा झाला. एवढा मोठा साहेब दर रविवारी न्हाऊन-धुऊन भिंतीपुढे बसतो, मिनिटं-मिनिटं निरखून बघतो, आता तर बोर्डही लागला. दरवानाच्या बायकोने काय समजायचं ते समजून घेतलं. पुढच्या रविवारी अरुणराव गेले तर भिंतीच्या पायथ्याशी लाल जास्वंद आणि धूप! त्याच्या पुढच्या रविवारी बत्तासे. मग शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघी-तिघी येऊन नमस्कार करून जायला लागल्या.

अरुणरावांनी घाबरून फिनलंडला फोटो पाठवला. आम्हाला वाटलं, वसुधाताई कपाळाला हात लावतील.

उत्तर आलं, "फुलं चालतील. धूप चौकोनांपासून लांब ठेवायला सांगा. धुराने शेवाळ मरतं."

त्यानंतर त्या भिंतीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

*

पण बदली अडवायला देवही पुरा पडत नाही. दुसऱ्या वर्षी, होळीच्या सुमारास, अरुणरावांची ऑर्डर आली. चेन्नई, मोठी खुर्ची, निवृत्तीच्या आधीची बहुधा शेवटची संधी. महिन्याभरात रुजू व्हायचं. क्वार्टर रिकामं झालं की देखभालवाले सगळं घासून, चुना मारून पुढच्या माणसाला देणार. आणि वसुधाताईंच्या भिंतीची मापं जूनपर्यंत घ्यायची होती. भिंत गेली की अर्धा थीसिस गेला.

त्या रविवारी आमच्याकडे कुणालाच जेवण गेलं नाही. स्मिता म्हणाली, "पुन्हा तेच! नेमकं निम्म्यावर!" मला तर रडूच आलं. नागपूरची गोष्ट आम्हा दोघींनाच माहीत होती. वसुधाताईंना कॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खोके माळ्यावर आहेत," त्या अरुणरावांना म्हणाल्या. "कपबश्यांना पेपर जास्त लावा. मला यायला जमणार नाही, माझं सत्र चालू आहे."

एवढंच. भिंतीचं नावही काढलं नाही. अरुणराव "बरं" म्हणाले.

आम्ही आपले डोकं लढवत बसलो. कर्नलसाहेब म्हणाले, नव्या माणसाला विनंती करू. मी म्हटलं, दरवानाच्या बायकोलाच पुढे करू, ती भिंत सोडणार नाही! पण पंधरा दिवस गेले, महिना गेला, अरुणराव आपले रविवारी भिंतीपुढे उकिडवे. विचारलं तर म्हणाले, "ऑर्डर पुढे गेलीय. हेड ऑफिसचं काही सांगता येत नाही." पुढे कळलं की चेन्नईची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली, आणि अरुणरावांना जुलैत जबलपूरला जायचंय. खुर्ची बरीच लहान. आम्ही हेड ऑफिसला मनसोक्त शिव्या घातल्या. अरुणरावांनी आमच्या शिव्यांना साथ दिली नाही, याचं तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही.

जूनमध्ये वसुधाताईंचा थीसिस पूर्ण झाला. डिग्री मिळाली. पन्नाशी उलटल्यावर, आणि या खेपेला निम्म्यावर न सुटलेली.

*

त्या परत आल्या त्या थेट अरुणरावांनी बांधून ठेवलेल्या खोक्यांत. जबलपूरला निघण्याआधी निरोपाचं जेवण माझ्याकडे ठेवलं. अरुणरावांचे साहेब, मूर्ती, यांनाही बोलावलं. ते आंध्रचे. आमच्यात हिंदीतच बोलतात.

मूर्तीसाहेबांनी वसुधाताईंना नमस्कार केला आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "अच्छा, तो यही हैं वो स्टूडेंट!"

कुणाला काही कळेना. अरुणराव ताट खाली ठेवून म्हणाले, "सर, रसम लीजिए ना."

पण साहेब रंगात आले होते. "पूरी नौकरी में ऐसी अर्ज़ी मैंने नहीं देखी. ट्रान्सफर रोकने के लिए सब लोग एक ही कारण देते हैं, बच्चे की पढ़ाई, साल बीच में है. सबनीस आये, बोले, सर, पढ़ाई, साल बीच में है. मैंने कहा, अरे, आपका बेटा तो नौकरी करता है! बोले, पत्नी की पढ़ाई है, सर."

आमच्याकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मैंने मज़ाक में पूछा, मिसेस किस क्लास में हैं? ये सीधे खड़े हो गये. बोले, मास्टर्स, सेकंड इयर, सर. थीसिस जून में है!"

आता सगळेच हसलो. कर्नलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. वसुधाताई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या अरुणरावांकडे बघत होत्या, आणि अरुणराव भलत्याच मन लावून कोशिंबीर ढवळत होते.

स्मिताने विचारलं, "लेकिन सर, ये नियम में बैठता है?"

"कहाँ बैठता है! मैंने यही कहा. सबनीस, नियम सिर्फ़ बच्चों के लिए है. ऊपर भेजूँगा तो चेन्नै हाथ से जायेगा, फिर मत कहना. तो इन्होंने एक ही बात कही, और वो मुझे आज तक समझ में नहीं आयी."

"क्या?"

"बोले, चेन्नै जाने दीजिए, सर. नागपुर में मैंने माँगा ही नहीं था."

मूर्तीसाहेबांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "नागपुर में क्या हुआ था?"

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा जग उचलला. अरुणराव कोशिंबिरीचं भांडं घेऊन उगाचच स्वयंपाकघराकडे निघाले.

वसुधाताईंनी मूर्तीसाहेबांच्या पानात रसम वाढलं आणि म्हणाल्या, "कुछ नहीं, सर. वहाँ मॉस बहुत अच्छा मिलता था."